मधुमेहातील प्रोबायोटिक पूरके

मधुमेहातील प्रोबायोटिक पूरके ही रक्तशर्करा व चयापचय सुधारावे या हेतूने घेतली जाणारी, जिवंत सूक्ष्मजीव असलेली पोषणपूरके होत. ती कॅप्सूल, पूड, दही वा पेय या रूपांत मिळतात. ती मधुमेहावरील औषध नाहीत. योग्य प्रमाणात सेवन केल्यास आरोग्यास लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव, अशी प्रोबायोटिकची व्याख्या अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञगटाने २००१ मध्ये केली. या व्याख्येतील 'जिवंत' आणि 'योग्य प्रमाणात' हे दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत.

पार्श्वभूमी

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासह एक बोलके उदाहरण मांडले. दोघांचा शरीरभार निर्देशांक सारखाच, २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी आढळली. कृश दिसणाऱ्या भारतीयांनाही मधुमेह का जडतो, याचा शोध घेताना संशोधकांचे लक्ष पुढे आतड्यातील सूक्ष्मजीवांकडेही वळले. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील योगेश शौचे व सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात निरोगी, नव्याने निदान झालेल्या आणि जुन्या मधुमेही व्यक्तींच्या आतड्यातील सूक्ष्मजीवसमूहांत फरक दिसला. सहभागींची संख्या मात्र लहान होती.

असा फरक हे मधुमेहाचे कारण की परिणाम, हा प्रश्न सोपा नाही. मेटफॉर्मिन हे नेहमीचे औषधही आतड्यातील सूक्ष्मजीवांची रचना बदलते, हे २०१५ मध्ये दाखवून देण्यात आले. आधीच्या काही निष्कर्षांत रोगाचा व औषधाचा परिणाम मिसळला गेला होता.

संभाव्य कार्यपद्धती

आतड्यातील काही जिवाणू न पचलेल्या तंतूंपासून ब्युटिरेटसारखी लघुशृंखला मेदाम्ले तयार करतात. ही अम्ले आतड्याच्या अस्तराचे पोषण करतात आणि जीएलपी-१ या संप्रेरकाच्या स्रावास चालना देतात. हे संप्रेरक जेवणानंतरच्या इन्शुलिनस्रावास साहाय्य करते. अस्तर सैल पडल्यास जिवाणूंच्या भित्तिकेतील घटक रक्तात शिरून सौम्य परंतु दीर्घकालीन दाह निर्माण होतो व इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो, असे मानले जाते. याचा पुरावा प्रामुख्याने प्राण्यांवरील प्रयोगांतून मिळालेला आहे. तंतूंचा पुरवठाच नसेल, तर बाहेरून घेतलेले जिवाणू फारसे टिकत नाहीत. त्यामुळे झरी व परभणी जिल्ह्यातील इतर गावांच्या नेहमीच्या आहारातील ज्वारीची भाकरी, डाळी व पालेभाज्या यांचे महत्त्व कोणत्याही कॅप्सूलपेक्षा कमी नाही.

चिकित्सालयीन पुरावा

इराणमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६४ टाइप-२ मधुमेहींपैकी एका गटास सहा आठवडे रोज ३०० ग्रॅम प्रोबायोटिक दही देण्यात आले. साधे दही खाणाऱ्यांच्या तुलनेत त्यांची उपाशीपोटीची शर्करा व एचबीए१सी कमी झाले. अमेरिकेत २०२० मध्ये ७६ जणांवरील बारा आठवड्यांच्या चाचणीत अक्करमान्सियासह पाच जिवाणूंच्या मिश्रणाने एचबीए१सी आभासी औषधाच्या तुलनेत सुमारे ०.६ टक्क्याने घटले. ती चाचणी उत्पादक कंपनीनेच चालवली होती, हे लक्षात घ्यावे लागते. बहुतेक चाचण्या लहान, अल्पकालीन आणि निरनिराळ्या जिवाणूवाणांच्या आहेत. एका वाणाचा गुण दुसऱ्यास लागू होत नाही. डोळे, मूत्रपिंड वा हृदय यांवरील दुष्परिणाम प्रोबायोटिकने टळतात, असे कोणत्याही चाचणीने सिद्ध केलेले नाही.

दही, ताक आणि पूरक

घरचे दही-ताक हे आंबवलेले अन्न आहे. परंतु शास्त्रीय अर्थाने त्यास प्रोबायोटिक म्हणता येत नाही, कारण विरजणातील जिवाणूंचा वाण व संख्या घरागणिक बदलते. त्याने ताकाचे आहारमूल्य उणावत नाही. उकळलेल्या कढीत मात्र जिवाणू जिवंत राहत नाहीत. बाजारातील अनेक प्रोबायोटिक पेयांत साखर घातलेली असते. मधुमेही व्यक्तीने वेष्टनावरील साखरेचे प्रमाण आधी वाचणे इष्ट.

नियमन व सुरक्षितता

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनुसार प्रोबायोटिक अन्नाच्या दैनिक मात्रेत किमान दहा कोटी जिवंत सूक्ष्मजीव असावे लागतात. ही संख्या साठवणुकीवर अवलंबून असते. शीतपेटीत ठेवावयाचे उत्पादन परभणीच्या चाळीस अंशांपुढच्या उन्हाळ्यात वाहतुकीत वा दुकानात तापले, तर वेष्टनावरील आकडा कागदावरच राहतो.

निरोगी व्यक्तीस प्रोबायोटिकमुळे सहसा पोटफुगीपलीकडे त्रास होत नाही. अत्यवस्थ रुग्णांची गोष्ट वेगळी आहे. स्वादुपिंडाचा तीव्र दाह झालेल्यांवर नेदरलँड्समध्ये झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रोबायोटिक घेणाऱ्यांपैकी १६ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी ६ टक्के दगावले. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना ही पूरके घेऊ नयेत. मात्र सर्वांत मोठा धोका जिवाणूंचा नसून, पूरक सुरू केले म्हणून मेटफॉर्मिन वा इन्शुलिन परस्पर बंद करण्याचा आहे. टाइप-१ मधुमेहात इन्शुलिन थांबल्यास काही दिवसांतच, कधी त्याहूनही लवकर, रक्तात कीटोन साचून प्राणावर बेतू शकते.