पंप गेला म्हणण्याआधी

खंडेनवमीला आमच्या खडीच्या खाणीवर यंत्रांची पूजा व्हायची. क्रशर, कॉम्प्रेसर, दोन डंपर आणि या सगळ्यांत वयाने मोठा असलेला चेनवरचा लोडर. त्याच्या बकेटला झेंडूची माळ, रेडिएटरवर कुंकवाचं स्वस्तिक, समोर नारळ. पावसाळ्याचे चार महिने तो उघड्यावर उभा असायचा. नारळ फुटला की वडील ऑपरेटरला म्हणायचे, "अण्णा, मुहूर्ताची एक बकेट भरा."

एका वर्षी इंजिन पहिल्याच सेल्फला चालू झालं. अण्णांनी लिव्हर ओढला, आणि बकेट गुडघाभर उचलून तिथेच थांबली. रिकामी असताना जेमतेम वर जायची. खडी भरली की जागची हलत नव्हती. जमलेल्यांचं एकच मत पडलं: पंप गेला. बोलावून आणलेल्या मिस्त्रीनेही तेच सांगितलं. नवा पंप मागवला, त्यात मोसमाचे पहिले आठ दिवस गेले, पंप बसवला, आणि बकेट पुन्हा गुडघाभरच उचलली.

शेवटी दोष सापडला तो रिलीफ व्हॉल्व्हमध्ये. ज्वारीच्या दाण्याएवढा रबराचा तुकडा व्हॉल्व्हच्या बसण्याच्या जागी अडकला होता. तो तुकडा मी अजून काडेपेटीत जपून ठेवला आहे. पुढे अनेक जुन्या मशीनजवळ बसायची वेळ आली, तेव्हा त्या तुकड्याने मला खूप शिकवलं.

पंपावर आळ इतक्या सहज का येतो? कारण पंप दाब तयार करतो, असं आपण धरून चालतो. पंप फक्त तेल ढकलतो. पुढे अडवणारं काही असेल तरच दाब चढतो. बागेतल्या नळीतून पाणी नुसतं वाहत असतं; तोंडावर अंगठा धरला की जोर येतो, तसंच. जुन्या लोडरमध्ये लिव्हर मधोमध असताना तेल कंट्रोल व्हॉल्व्हमधून सरळ टाकीत परत जातं, आणि पंपावर जवळपास काहीच भार नसतो. लिव्हर ओढला की तेल बकेट उचलणाऱ्या जॅककडे वळतं, बकेटचं वजन त्याला अडवतं आणि दाब वाढू लागतो. तो हद्दीबाहेर जाऊ नये म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह असतो. ठरलेल्या दाबाला तो उघडून जास्तीचं तेल टाकीकडे सोडतो. तोच अर्धवट उघडा राहिला, तर पंप कितीही नवा असला तरी तेल सोप्या वाटेनेच पळणार.

म्हणून तक्रार ऐकताना मी पहिल्यांदा एवढंच विचारतो: मशीन हळू आहे की कमजोर? उचलतं सगळं, पण वेळ लावतं, म्हणजे तेल कमी पोचतंय. रिकामं चपळ आहे आणि भार आला की थांबतं, म्हणजे दाब चढत नाही. ऑपरेटर दोन्हींना "ताकद नाही" असंच म्हणतो. त्याच्याजवळ बसून, त्याला बोलतं करून हा फरक काढून घ्यावा लागतो. रोज दहा तास ज्याचे हात त्या लिव्हरवर असतात, त्याच्याइतकं मशीन कुणालाच कळत नाही. आमच्या अण्णांनी त्या दिवशी सांगितलं होतं, "इंजिन दबतच नाय." त्या वाक्यात सगळं निदान होतं, आणि आम्ही ते ऐकून सोडून दिलं.

इंजिन दबणं म्हणजे काय? बकेट शेवटपर्यंत वळवून लिव्हर तसाच धरून ठेवला, की तेलाला पुढे जागा राहत नाही, दाब पूर्ण चढतो आणि इंजिनचा आवाज जड होतो. आवाज बदललाच नाही, तर दाब कुठेतरी निसटतोय. अशी कानाची तपासणी झाली की गेज लावायचं. जुन्या चेन लोडरचा कामाचा दाब साधारण १५०० ते २५०० पीएसआयच्या दरम्यान असतो; नेमका आकडा त्या मशीनच्या पुस्तकात बघावा. तेल गरम असताना, पूर्ण रेसवर, लिव्हर शेवटाला धरून गेज वाचायचं. सगळ्याच हालचालींना दाब कमी येत असेल तर संशय सामायिक भागांवर, म्हणजे पंप, सक्शन (टाकीतून पंपाकडे तेल आणणारी बाजू) आणि मुख्य रिलीफवर. फक्त उचलताना कमी आणि बकेट वळवताना बरोबर असेल तर पंप निर्दोष; त्या एका वाटेवरचा स्पूल (कंट्रोल व्हॉल्व्हमधला तेल वळवणारा सरकता दांडा), जॅक किंवा छोटा रिलीफ बघायचा. सामायिक भागांतही आधी रिलीफ खोलावा. तो अर्ध्या तासात साफ होतो, तर पंप उतरवायला दिवस जातो. गेज कमी दाखवतंय म्हणून रिलीफचा स्क्रू आवळत बसणं मात्र फार वाईट. मूळ दोष तसाच राहतो, आणि तो निघाल्यावर वाढलेला दाब होज फाडतो किंवा जॅकचं वेल्डिंग उघडतो.

या दाबात ताकद किती असते? जॅकचा आतला व्यास १२५ मिलीमीटर धरा. पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे १२३ चौरस सेंटिमीटर भरतं. १४० बार, म्हणजे साधारण २००० पीएसआय दाबाला तो एकटा जॅक सुमारे साडेसतरा टन रेटतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पसरतो, हे ब्लेझ पास्कालने मांडलं. त्याचा या विषयावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली छापला गेला. त्यावरून चालणारं कामाचं यंत्र यायला मात्र १७९५ साल उजाडलं. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, आणि त्याच्यापुढे तीच अडचण उभी राहिली जी आजही खाणीवर असते: सील गळतं. घट्ट आवळलं तर दांडा हलेना, सैल सोडलं तर पाणी बाहेर. त्यावरचा तोडगा त्याच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लीच्या नावावर सांगतात. चामड्याची वाटी अशी बसवायची, की आतला दाबच तिची कड भिंतीला चिकटवील. दाब जितका जास्त, तितकी पकड घट्ट.

ही वाटी आपल्या घरात होती. रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपातलं चामड्याचं वायसर आठवा. ते वाळलं की कितीही पंप मारा, हवा भरत नसे. आई त्याला खोबरेल लावून, कड बोटांनी फाकवून परत बसवायची. आजच्या जॅकमधलं सील रबराचं किंवा पॉलियुरेथेनचं असतं, पण कडेची करामत तीच.

चेनवरच्या लोडरचा जन्म अमेरिकेतला. मिलवॉकीची ट्रॅक्सन कंपनी कॅटरपिलरच्या ट्रॅक्टरवर तारेच्या दोराने उचलणारी बकेट बसवत असे. १९५१ साली कॅटरपिलरने ती कंपनीच विकत घेतली, आणि १९५५ मध्ये ९३३, ९५५ आणि ९७७ ही हायड्रॉलिक लोडरची मालिका आणली. आपल्याकडे लोकांच्या तोंडी बसली ती जेसीबी आणि पोकलेन ही नावं. दोन्ही मुळात कंपन्यांची, एक इंग्लंडची आणि दुसरी फ्रान्सची. मराठीत ती यंत्राचीच नावं होऊन गेली. खाली सांगितलेलं बरंचसं जुन्या जेसीबीलाही लागू पडतं.

आता त्या तक्रारीकडे येतो, जिच्यावर सर्वांत जास्त पैसा वाया जाताना मी पाहिला आहे. उचललेली बकेट इंजिन बंद केल्यावर हळूहळू खाली येते. ठरलेलं उत्तर: जॅकची सील-किट बदला. किट बदलली जाते आणि बकेट तशीच उतरत राहते.

पिस्टनमुळे जॅकच्या दोन खोल्या होतात. खालची पूर्ण मोकळी; वरच्या खोलीत मधोमध रॉड असल्यामुळे तिथे जागा कमी. सील फाटलं की भाराखाली तेल खालून वर झिरपू पाहतं. पण १२५ मिलीमीटरच्या जॅकमध्ये ७० मिलीमीटरचा रॉड असेल, तर खालून निघालेल्या १० लिटरपैकी जेमतेम ७ लिटर वर मावतं. उरलेल्या ३ लिटरने जायचं कुठे? स्पूलने दोन्ही वाटा घट्ट धरल्या असतील तर त्याला जागाच नाही, आणि रॉड थांबतो. म्हणजे बकेट खाली येत असेल तर तेल जॅकच्या बाहेर पडतंय: बाहेर ओघळ दिसत नसेल तर झिजलेल्या स्पूलमधून किंवा न बसलेल्या एखाद्या व्हॉल्व्हमधून. फाटलेलं सील यात साथीदार असू शकतं. दोन्ही खोल्यांतला दाब सारखा झाला की सगळा भार रॉडच्या क्षेत्रफळावर येतो आणि आतला दाब तिपटीहून वाढतो. आधी ५० बार असेल तर १६० च्या घरात जातो. थोडंसं गळणारा स्पूल त्या दाबाखाली भरभर गळू लागतो.

सील खरंच गेलं आहे का, हे जॅक न उतरवता कळतं. बूम, म्हणजे बकेट धरणारा हात, पूर्ण वर नेऊन त्याखाली लोखंडी टेकू लावायचा, इंजिन बंद करून दाब सोडायचा. एका जॅकचा रॉडकडचा होज खोलायचा, होजचं तोंड बुचाने बंद करायचं आणि जॅकच्या उघड्या तोंडाखाली डबा ठेवायचा. मग इंजिन चालू करून लिव्हर उचलण्याकडे धरायचा. आधीचं उरलेलं तेल निथळल्यावरही धार चालूच राहिली तर सील गेलं. नंतर दुसरा जॅक. टेकू नसेल तर ही तपासणी करूच नये; बूमखाली उभ्या माणसाला एक ओ-रिंग वाचवू शकत नाही.

आणि हात. बारीक भोकातून उडणारी तेलाची चिळकांडी डोळ्यांना दिसतही नाही, पण ती कातडीतून सुईसारखी आत शिरते. सुरुवातीला फक्त एक ठिपका दिसतो, दुखणंही थोडं. आत तेल पसरलेलं असतं, आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. गळती शोधायला पुठ्ठा फिरवावा, बोट कधीच नाही. तेल टोचलंच, तर दुखत नसलं तरी लगेच मोठं रुग्णालय गाठायचं आणि "दाबाचं तेल आत गेलंय" असं डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. खाणीवरच्या प्रत्येक पोराला हे पाठ असलं पाहिजे.

हळू चालणाऱ्या मशीनला घड्याळ लावतो. वरच्याच मापाचे दोन जॅक आणि ८० सेंटिमीटरचा स्ट्रोक असेल तर बूम पूर्ण उचलायला साडेएकोणीस लिटरच्या आसपास तेल लागतं. ७ सेकंदांत उचललं तर मिनिटाला जवळजवळ १७० लिटर तेल पोचतंय. १२ सेकंद लागले तर शंभराच्या खाली. ही मोजणी सकाळी थंड तेलावर आणि दुपारी गरम तेलावर, दोन्ही वेळा करावी. दुपारी वेळ फार वाढला तर झीज झाली आहे, कारण पातळ झालेलं तेल झिजलेल्या फटींतून जास्त निसटतं. सकाळीच कुरकुर आणि दुपारी ठीक, तर सक्शनची बाजू बघावी. निसटण्याची जागा हाताळूनही सापडते. काम न करता १४० बारचा दाब गमावणारं तेल प्रत्येक फेरीला सुमारे ८ अंशांनी तापतं, त्यामुळे गळका व्हॉल्व्ह शेजाऱ्यांपेक्षा आधी गरम होतो.

पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या मशीनच्या टाकीत पाणी उतरतं. तेल दुधाळ दिसलं तर नमुना काचेच्या बाटलीत ठेवावा. थोड्या वेळात स्वच्छ झालं तर हवा होती. तसंच राहिलं तर पाणी. तापलेल्या तव्यावर एक थेंब टाकला की पाणी मोहरीसारखं तडतडतं. हवा असेल तर ती बहुधा सक्शनच्या जोडांतून शिरते. पंप कण्हत असताना प्रत्येक जोडावर थोडं तेल ओतत जावं. ज्या जोडावर आवाज बदलेल, तिथे फट. पंपात खडी घातल्यासारखा आवाज येत असेल तर त्याला तेलच पुरत नाही: गाळणी तुंबली आहे किंवा सक्शन होज आतून बसला आहे. उघड्या राहिलेल्या रॉडवरच्या गंजाचे खड्डे नव्या सीललाही महिन्याभरात खातात, म्हणून पावसाळ्याआधी बकेट जमिनीवर टेकवून उघड्या रॉडना ग्रीस फासून ठेवावं.

आमच्या लोडरचा रबराचा तुकडा जुन्या सक्शन होजच्या अस्तरातला होता. पंप नवा बसवला, होज मात्र जुनाच ठेवला होता. होज बदलला, टाकी रिकामी करून आतून पुसली, फिल्टर कापून त्याचा कागद पसरून बघितला, नवं तेल भरलं. आधी बारीक रेसवर बूम थोडी थोडी वर-खाली करून हवा काढली, मग गेज लावलं. अण्णांनी लिव्हर शेवटाला धरला तेव्हा इंजिन दबलं. वडिलांनी वहीत तारीख घातली आणि खाली तेल गरम असतानाचे सेकंद लिहिले.