मावशीची धाप आणि शेजारणीची गोळी

माझी मावशी बदलापूरची. विडी-तंबाखूला जन्मात कधी शिवली नाही. परंतु चाळीस वर्षे फुंकणी घेऊन चुलीपुढे बसली. धाप तिच्या पाचवीलाच पुजलेली. गेल्या पावसाळ्यात पाय सुजू लागले, तेव्हा शेजारणीने मायेने आपली रक्तदाबाची गोळी देऊ केली. "अहो, हिने रक्तवाहिन्या सैल होतात. छाती कशी मोकळी होईल!"

मावशीने ती चार दिवस घेतली. सूज वाढली, आणि ओठ निळे पडले. मी अंबरनाथहून धावत गेलो व तिला उल्हासनगरच्या एका डॉक्टरांकडे नेले. गोळीची पट्टी पाहून ते म्हणाले, "निफेडिपिन! हृदयाचे चांगले औषध आहे. पण यांच्यासाठी नव्हे."

मग त्यांनी जे सांगितले ते मोठे नवलाचे वाटले. प्राणवायू कमी पडला की शरीरात इतरत्र रक्तवाहिन्या रुंदावतात. फुप्फुसात मात्र उलटे! जिथे हवा पोचत नाही तिथल्या वाहिन्या आखडतात. स्वीडनच्या फॉन ऑयलर व लिलेस्ट्रांड यांनी 1946 साली मांजरांवर हे दाखवून दिले. पाटकरी जसा पडीक वावराचे दार बुजवून पाणी पिकाकडे वळवतो, तसेच हे. पण धुराने वावरच्या वावर पडीक झाले, तर सगळीच दारे बुजतात. रक्त ढकलता ढकलता हृदयाची उजवी बाजू थकते, पायांवर सूज येते. अशा वेळी गोळीने सगळी दारे सताड उघडली, तर दाब उतरेल खरा, परंतु रक्त पडीक वावरातून कोरडेच परत येईल. शिवाय पाय सुजवणे हा त्या गोळीचा स्वतःचाही गुण!

दिल्लीच्या डॉ. पद्मावती यांनी 1959 साली अशाच हृदयविकाराचे रुग्ण अभ्यासून चुलीच्या धुराकडे बोट दाखवले होते. माझ्या मावशीची चूल तेव्हा पेटायचीच होती.

"मग डिजिटॅलिस?" मी माझे अर्धवट ज्ञान पाजळले. डॉक्टर हसले. हृदयाची डावी बाजू दुबळी असेल किंवा ठोके विस्कटले असतील तर ते द्यावे. एरवी प्राणवायूला मुकलेल्या हृदयाला ते लवकर बाधते. प्रोप्रॅनोलॉलने श्वासनळ्या आवळू शकतात. मेटोप्रोलॉल त्या मानाने सोसते, पण तेही हृदयाला गरज असेल तरच.

उपाय निघाला तो साधाच : खुद्द प्राणवायू. रक्तातील प्राणवायू फारच उतरलेले रुग्ण तो रोज पंधरा तास किंवा अधिक घेतील तर जास्त जगतात, हे 1980 व 1981 साली अमेरिकेतील व ब्रिटनमधील प्रयोगांनी सिद्ध झाले.

आता घरात ते यंत्र घुरघुरत असते. वीज गेली की आमच्या छातीत धस्स होते! प्राणवायूजवळ आग नको, म्हणून यंदा मावशीला स्वयंपाकघर बंद. ती ओटीवर नाकात नळी घालून बसते आणि तिथूनच ओरडते, "अगं, चकली मोडतेय म्हणजे मोहन जास्त झालंय!"