संग्रहालयातसुद्धा नक्कलच!

जुन्या व्हिडिओ गेमच्या दुनियेत २०२४चा ऑक्टोबर बराच काळ आठवला जाईल. १ तारखेला ‘र्‍युजिन्क्स’ने गाशा गुंडाळला. निन्टेंडो स्विचचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा हा एम्युलेटर. ब्राझीलमधल्या त्याच्या मुख्य प्रोग्रामरला कंपनीने गाठले आणि विषय संपला. दुसऱ्याच दिवशी क्योटोजवळच्या उजी शहरात त्याच निन्टेंडोचे झकपक संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. आणि २५ तारखेला अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ग्रंथालयांची एक साधी मागणी फेटाळली. बाजारातून केव्हाच गेलेले गेम अभ्यासकांना दुरून, आपापल्या जागी बसून उघडता यावेत, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

यातली सगळ्यात मजेदार बातमी उजीची. संग्रहालयात पाहुण्यांना जुने गेम हाताळायला मिळतात. एकाने तिथल्या सुपर निन्टेंडोच्या कंट्रोलरची वायर उपसली, तर विंडोजवर पेनड्राइव्ह काढल्यावर वाजतो तो ओळखीचा आवाज ऐकू आला. व्हिडिओ जगभर फिरला. म्हणजे हातात १९९०च्या मशीनचा कंट्रोलर आणि पडद्याआड पीसीवर चालणारा एम्युलेटर! जी कंपनी एम्युलेटरवाल्यांच्या मागे वकील लावते, तिने स्वतःच्या देव्हाऱ्यात नक्कलच मांडून ठेवली म्हणून लोकांनी यथेच्छ टिंगल केली.

टिंगल रास्त आहे. पण निन्टेंडोने केले ते शहाणपणाचेच. तीसपस्तीस वर्षांपूर्वीचे मशीन दिवसभर शेकडो हातांत दिले तर ते किती टिकेल? या डब्यांना वयाचे रोग असतात. कपॅसिटरमधले द्रव्य गळते आणि सर्किटवरचे तांबे खाते. ‘सेगा गेम गिअर’ तर या रोगासाठी बदनामच आहे. सगळे कपॅसिटर बदलल्याशिवाय आज क्वचितच एखादा धड चालतो. ज्या कॅसेटमध्ये खेळ सेव्ह व्हायचा तिच्या आत घड्याळात असते तसली बटण-बॅटरी असते. ती संपली की वर्षानुवर्षांची प्रगती पुसली जाते. कॅसेट लागेना की तिला फुंकर मारायची, हा आपल्या पिढीचा सिद्ध मंत्र. पण फुंकरीतली ओल पिनांना गंज चढवते, म्हणून निन्टेंडो नकोच म्हणत असे. चालायची ती काढून पुन्हा घातल्यामुळे, श्रेय मात्र फुंकरीला.

अस्सल मशीनच्या भक्तांशी वाद घालताना मला नेहमी वाटते, की आपण मराठी माणसांनी या भांडणात जरा जपूनच उतरावे. आपल्याकडे अस्सल होतेच कुठे? निन्टेंडोचा फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३मध्ये आला. नव्वदीच्या दशकात मुंबई-पुण्यापासून जळगाव-सोलापूरपर्यंत ज्यावर मारिओ आणि कॉन्ट्रा खेळले गेले, ते मीडिया, लिटल मास्टर, मायक्रो जीनियस वगैरे नावांचे डबे म्हणजे त्याच फॅमिकॉमच्या नकला. तैवानमध्ये मूळ चिपांच्या प्रती निघाल्या. पुढे सगळा कॉम्प्युटर एकाच चिपमध्ये मावला आणि तिच्यावर काळ्या डांबरासारखा ठिपका चिकटवून मोकळे. ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटमध्ये प्रत्यक्षात मोजके गेम असायचे. बाकीच्या नावांखाली तोच कॉन्ट्रा, फक्त कुठे तिसऱ्या टप्प्यापासून सुरू, कुठे पहिल्यापासूनच हातात फुलबाजीसारख्या गोळ्या उडवणारी बंदूक. सुट्टीत तासाच्या बोलीवर टीव्ही गेम भाड्याने आणणाऱ्याला त्याची फिकीर नव्हती.

गंमत अशी की ही नक्कलही तंतोतंत नक्कल नव्हती. जपान-अमेरिकेचे एनटीएससी पद्धतीचे टीव्ही सेकंदाला ६० चित्रे दाखवत, आपली पाल पद्धत ५०. बहुतेक जुन्या गेमचा ताल पडद्यावरच्या चित्रांना बांधलेला असतो. एक चित्र, एक पाऊल. त्यामुळे ५०च्या हिशेबाने चालणाऱ्या डब्यांत मारिओ मुळापेक्षा सुमारे १७ टक्के हळू पळायचा आणि गाणेही तेवढेच संथ वाजायचे. मात्र मुख्य चिपचा वेग जवळजवळ मुळाइतकाच ठेवलेला असल्याने सूर फारसा उतरत नसे, फक्त लय विलंबित. आज फोनवर एम्युलेटर टाकून मारिओ उघडणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला तो उगाच घाईत असल्यासारखा वाटतो, त्याचे कारण हे. रशियात असेच डबे ‘डेंडी’ नावाने खपले. म्हणून ‘मेसेन’सारख्या चांगल्या एम्युलेटरमध्ये एनटीएससी आणि पाल यांच्या जोडीला ‘डेंडी’ हा तिसरा पर्याय दिलेला असतो. तो निवडून पाहा. बालपणीचा मारिओ त्याच चालीने चालू लागेल. नकलेची नक्कल करण्याइतकी आस्था कुठल्या कंपनीने दाखवली नाही. ती फुकट काम करणाऱ्या हौशी प्रोग्रामरांनी दाखवली.

अर्थात काही गोष्टी एम्युलेटरच्या हाती लागत नाहीत, हे मान्य करायला हवे. सगळ्यात ठळक उदाहरण टीव्हीवरची बदके टिपायच्या बंदुकीचे. बंदुकीतून काहीतरी टीव्हीकडे जाते असे आपल्याला वाटायचे. खरे तर ती फक्त बघते. घोडा ओढला की एका चित्रापुरता सगळा पडदा काळा होतो. पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीतला प्रकाश टिपणारा डोळा ‘आधी अंधार, मग उजेड’ असा क्रम दिसला तर नेम लागला म्हणतो. बदके दोन असतील तर चौकोन एकामागून एक, वेगवेगळ्या चित्रांत. ट्यूबलाइटकडे बंदूक रोखून फसवता येऊ नये म्हणून तिचे सर्किट काचेच्या नळीच्या टीव्हीत सेकंदाला सुमारे १५ हजार ओळी रेखणाऱ्या किरणाच्या लखलखीला जुळवलेले. आजच्या सपाट टीव्हीत तसा किरणच नाही, शिवाय चित्र काही मिलिसेकंद उशिरा उमटते. बंदूक आंधळी होते. एम्युलेटरमध्ये माउसने टिचकी मारून बदक पडते खरे. पण सोफ्यावरून एक डोळा मिटून नेम धरणे आणि टेबलावर टिचकी मारणे यांत काही तुलना नाही.

दुसरे उदाहरण ‘सॉनिक’चे, १९९१चे. पहिल्याच टप्प्यातले धबधबे एम्युलेटरच्या कोऱ्या करकरीत चित्रात उभ्या पट्ट्यांसारखे दिसतात, चाळणी लावल्यासारखे. चित्रकाराचा हात वाईट नव्हता. त्या काळच्या पिवळ्या पिनेच्या केबलमधून जाताना शेजारशेजारचे रंग एकमेकांत विरघळत आणि पट्ट्यांचे पारदर्शक पाणी होई. त्या काळचे कलाकार टीव्हीच्या दोषाला धरून रंग भरत. एम्युलेटरांत आता काचेच्या टीव्हीचा भास आणणारे फिल्टर मिळतात आणि ते बरेच चांगले आहेत. एवढ्या कारणासाठी जुना टीव्ही उरावर बाळगायची गरज मला वाटत नाही. ज्याला वाटते त्याच्याशी भांडणही नाही.

बटण दाबल्यापासून पडद्यावर उडी दिसेपर्यंतचा उशीर हा अस्सलवाद्यांचा हुकमी एक्का. जुने मशीन आणि जुना टीव्ही ही जोडी याबाबतीत चोख होती. पण २०१८मध्ये एम्युलेटर चालवणाऱ्या ‘रेट्रोआर्क’ या प्रोग्राममध्ये ‘रन-अहेड’ नावाची सोय आली. एम्युलेटर पडद्याआड खेळ एखाद-दोन चित्रे पुढे पळवून बघतो आणि तुम्ही बटण दाबलेत की तिथूनच उत्तर देतो. परिणामी मूळ गेममध्येच रुतलेला उशीरही कापला जातो आणि काही गेम अस्सल मशीनपेक्षा लवकर हुकूम मानतात.

एम्युलेटर म्हणजे ‘चालतंय ना, बास’ अशा वृत्तीचे जुगाड, ही समजूत ज्यांनी खोडून काढली त्यांच्याबद्दल सविस्तर सांगायलाच हवे. बायू आणि नंतर नियर या टोपणनावाने वावरलेल्या या अमेरिकन प्रोग्रामरने २००४मध्ये ‘बीस्नेस’ हा सुपर निन्टेंडोचा एम्युलेटर लिहायला घेतला. त्याआधीचे एम्युलेटर गाजलेल्या गेमपुरती तडजोड करून वेग मिळवत. नियर यांचा हट्ट वेगळा होता: मशीनमधले प्रत्येक चक्र मूळ क्रमानेच फिरले पाहिजे, मग त्याला कितीही ताकद लागो. २०११मध्ये ‘आर्स टेक्निका’ या संकेतस्थळावर त्यांनी लेख लिहून हिशेब मांडला की १९९०चे हे मशीन हुबेहूब उभे करायला ३ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर लागतो. मूळ मशीनचे मुख्य घड्याळ होते जेमतेम २१ मेगाहर्ट्‌झचे.

एवढा आटापिटा कशासाठी? त्यांनीच दिलेला दाखला पाहा. ‘स्पीडी गोन्झालेस’ गेमच्या सहाव्या जगात एक बटण आहे. जुन्या एम्युलेटरांत ते दाबले की खेळ थिजतो. पुढे जाताच येत नाही. प्रोग्रामरच्या चुकीने तो गेम मेमरीच्या अशा पत्त्यावर काहीतरी वाचायला जातो जिथे काही नाहीच. खऱ्या मशीनमध्ये मात्र तारांवर आधीच्या व्यवहारातला आकडा रेंगाळत असतो आणि चित्राची जुळवाजुळव करणारा दुसरा भाग मध्येच येऊन तो बदलतो. तेवढ्याने फेरा सुटतो. म्हणजे गेममधली चूक मशीनच्या खोडीमुळे झाकली गेली होती. खोडीसकट मशीन उभे केले तरच गेम शेवटापर्यंत खेळता येतो. ‘एअर स्ट्राइक पट्रोल’मध्ये विमानाची जमिनीवर पडणारी सावली अशीच, पडद्यावरची ओळ अर्धी रेखून झालेली असताना सेटिंग बदलून काढलेली. सावली दिसली नाही तर बॉम्ब कुठे पडणार याचा अदमासच येत नाही.

नियर यांनी अमेरिकेत निघालेल्या सातशेच्या वर कॅसेटी जमवल्या, पडताळल्या, त्यांची नोंद केली. काही कॅसेटींत जादा चिप असत. त्यांच्या आतला कोड वाचण्यासाठी लोकवर्गणी काढून चिपांचे कवच आम्लाने उतरवण्याचे कामही त्यांच्या पुढाकाराने झाले. २०२१मध्ये ते गेले. कुठल्याही कंपनीने आपल्याच मशीनचा असा अभ्यास लोकांपुढे ठेवलेला नाही.

याच काळात ‘अस्सल’चा बाजार कुठे पोहोचला? जुलै २०२१मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ची एक सीलबंद प्रत अमेरिकेतल्या लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. सील फोडले तर किंमत जाते, म्हणजे ती प्रत कोणी कधीच खेळणार नाही. हा गेमचा आदर कसला? ग्रामोफोन बाळगणाऱ्याचे कौतुक जरूर करावे. पण बालगंधर्व ऐकायचे तर चावीची पेटीच हवी, असे कोणी म्हणत नाही.

आता कायद्याचे. एम्युलेटर लिहिणे हा गुन्हा नाही, हे अमेरिकन न्यायालयाने २०००मध्येच ‘सोनी विरुद्ध कनेक्टिक्स’ खटल्यात जवळपास स्पष्ट केले. हरलेल्या सोनीने पुढच्या वर्षी कनेक्टिक्सचा तो एम्युलेटर विकत घेऊन बंद करून टाकला. पैसा असला की असाही न्याय मिळतो. २०२४च्या मार्चमध्ये ‘युझू’ या स्विचच्या एम्युलेटरने निन्टेंडोला २४ लाख डॉलर देऊन तडजोड केली. तिथे मुद्दा तेव्हाच्या चालू पिढीच्या मशीनचा आणि कुलपे फोडण्याचा होता, आणि बाजारात नवा असलेला गेम फुकट वाटणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. हजारो गेम भरून ऑनलाइन विकले जाणारे चिनी हातगेमही चोरीचाच माल. आपल्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ कायदेशीर प्रत जवळ असणाऱ्याला प्रोग्रामची राखीव प्रत करू देते. ती सवलत शेजाऱ्याला वाटण्यासाठी नाही.

पण जे गेम कोणी विकतच नाही त्यांचे काय? ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३मध्ये मोजून सांगितले की २०१०पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात मिळत नव्हते. ग्रंथालये ते अभ्यासकांना दाखवू शकतात, पण आपल्या इमारतीत. दुरून नाही. कंपन्यांच्या संघटनेचे म्हणणे काय, तर लोक अभ्यासाच्या नावाखाली मौजेसाठी खेळतील. कादंबरी कोणी आनंदासाठी वाचेल म्हणून वाचनालयाला टाळे लावण्यातलाच हा प्रकार, आणि सरकारी कार्यालयाने तो मान्य केला. पुढचा फेरविचार २०२७मध्ये.

दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची चारपैकी दोन रिळे उरली, तीही पुण्याच्या चित्रपट संग्रहालयातल्या पी. के. नायर यांनी खटपट केली म्हणून. गेमच्या वाट्याला आपल्याकडे तसा नायर अजून आलेला नाही. आपल्या बाजारात फिरलेल्या त्या नकली डब्यांची आणि ‘इन १’ कॅसेटींची नोंद जपानी किंवा अमेरिकन कंपनी ठेवणार नाही, कारण त्यांच्या लेखी तो चोरीचा माल. तेव्हा माळ्यावर असा एखादा संच असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. कॅसेटला फुंकर मारू नका. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. बंदूक असेल तर काचेचा टीव्हीही राखून ठेवा. आणि काहीच ठेवणे शक्य नसेल, तर निदान लेबलाचे, खोक्याचे आणि आतल्या बोर्डाचे स्वच्छ फोटो काढा, म्हणजे पुढे कोणी नोंद करायला बसेल तेव्हा त्याच्या हाती काहीतरी लागेल.