खात्याची किल्ली

पूर्वी चोर भिंत फोडून घरात शिरे. आता तो दूर बसून चोरी करतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये असेच गेले. कुलूप फुटले नाही. चोर बँकेच्या संगणकात शिरले. बनावट कार्डांनी देशोदेशीच्या एटीएममधून त्यांनी पैसे काढले.

म्हणून बँक असो, दूध सोसायटी असो, संगणकाचा पासवर्ड भिंतीवर लिहू नये.

तुमच्या खात्याची किल्ली म्हणजे पिन आणि ओटीपी. "बँकेतून साहेब बोलतोय" असे कोणी म्हटले, तरी ती सांगू नका. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो, बरे का!

तरीही फसलात, तर लाजू नका. लगेच १९३० वर फोन करा. उशीर झाला, की पैसा पुढे निघून जातो.