ध्वनीचा ‘ऊबदारपणा’ म्हणजे काय?

हाय-फाय यंत्रांची परीक्षणे वाचताना ‘ऊबदार’, ‘उजळ’, ‘गढूळ’, ‘हवेशीर’ अशी विशेषणे भेटतात आणि नवखा वाचक गोंधळून जातो. ध्वनीला ना तापमान असते, ना रंग. मग हा सारा कल्पनाविलास म्हणावा काय? तसे म्हणता येणार नाही. १९६२ साली अमेरिकेत ‘स्टिरिओफाइल’ हे नियतकालिक सुरू करणारे जे. गॉर्डन होल्ट यांनी यंत्राची पारख प्रत्यक्ष ऐकून करण्याचा आग्रह धरला, आणि पुढे अशा शब्दांचा एक कोशच तयार केला. यांपैकी बऱ्याच शब्दांमागे मोजता येण्याजोगे काहीतरी असते.

निरोगी तरुण कानाला सुमारे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. त्यांपैकी साधारण १०० ते ३०० हर्ट्झचा भाग किंचित उठावदार असला, की ध्वनी ‘ऊबदार’ वाटतो. काही हजार हर्ट्झच्या पुढचा भाग प्रबळ झाला, की तो ‘उजळ’ होतो. तेच अति झाले तर गायकाचे ‘स’ आणि ‘श’ कानाला बोचू लागतात. ‘हवेशीर’पणा १०,००० हर्ट्झच्याही वरचा, वाढत्या वयात तो ऐकू येईनासा होतो.

‘गढूळ’ ध्वनीचा दोष मात्र पुष्कळदा यंत्राचा नसून खोलीचा असतो. समोरासमोरच्या भिंतींत ५ मीटर अंतर असेल, तर सुमारे ३४ हर्ट्झला आणि त्याच्या पटींना खोली स्वतःच घुमू लागते. ढोलावरचा आघात संपला तरी त्याचा घुमारा रेंगाळतो आणि पुढचे स्वर झाकोळून टाकतो. अशा वेळी नवे यंत्र घेण्याआधी ध्वनिक्षेपक कोपऱ्यातून हलवून पाहावा. खर्च काहीच नाही.

आणखी एका गोष्टीने कान फसतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की हळू आवाजात खालचे स्वर कानाला प्रमाणापेक्षा फार क्षीण ऐकू येतात. आवाज वाढवला, की ते भरून येतात. त्यामुळे दुकानात दोन यंत्रे शेजारी ठेवून ऐकवली असता, जे थोडे मोठ्याने वाजते तेच अधिक ‘भरीव’ आणि ‘ऊबदार’ वाटते, आणि ग्राहक त्याचेच पैसे मोजतो! म्हणून प्रथम दोहोंचा आवाज सारखा करून घ्यावा, आणि ज्या गायकाला आपण समोर बसून ऐकले आहे त्याचेच ध्वनिमुद्रण लावण्यास सांगावे.