ध आणि घ यांच्या मधली रेघ

‘दशाश्वमेध घाट’ हे नाव भिंतीवर लिहिताना पेंटरचा कस लागतो तो ध आणि घ यांच्यापाशी. ध च्या डोक्यावरची रेघ तुटलेली, घ ची सलग, आणि दोघे अगदी शेजारी. घाईत हात पुढे सरकला की ध चा घ झालाच. काशीत, पूर ओसरून गाळ धुऊन झाल्यावर, पायऱ्यांवर बसून मी एका म्हाताऱ्या पेंटरचं काम सकाळभर पाहत होतो. त्याने सुताला खडू चोळून भिंतीवर दोन रेघा उमटवल्या, मग अक्षरांचे सांगाडे काढले. शिरोरेखा मात्र सगळ्यात शेवटी. ध पाशी त्याने ब्रश उचलला, डावा पंजा भिंतीला टेकवला, श्वास धरला आणि पलीकडे घ वर पुन्हा ठेवला.

घाटावरची ही अक्षरं एवढी मोठी का, हे होडीत बसल्यावर कळतं. पाटीवाल्यांचा ठोकताळा असा, की दहा फूट अंतरामागे अक्षर एक इंच हवं. होडी तीनशे फुटांवर असेल तर अडीच फूट. त्यात नागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार, म्हणजे रोमन नावापेक्षा जागा जास्तच. घाट पूर्वाभिमुख असल्यामुळे सकाळचं ऊन थेट अक्षरांवर येतं, आणि उन्हात लाल रंग सर्वांत आधी विटतो.

मराठी डोळ्याला इथे आणखी काही खुपतं. ल आणि श यांचं वळण हिंदी धाटणीचं, शिंद्यांचा घाट ‘सिंधिया’, नागपूरकर भोसल्यांच्या नावावर एक जास्तीचा अनुस्वार. आपल्या माणसांनी बांधलेल्या घाटांची नावं परक्या वळणात वाचावी लागतात, हे थोडं गमतीचं, थोडं रुखरुख लावणारं. पण पेंटरला दोष देण्यात अर्थ नाही. तो त्याच्या गावच्या लिपीत लिहितो.

दुसऱ्या दिवशी मणिकर्णिकेकडे उतरणाऱ्या गल्लीत एक पाटी चढवताना पाहिली. मराठी यात्रेकरूंसाठी चालणारी छोटी खानावळ. मालकाने ‘भोजनालय’ या शब्दातल्या ल साठी पाटीवाल्याशी बराच वाद घातला होता म्हणे. मराठी वळणाचाच हवा. कॉम्प्युटरमधून निघालेला पहिला ल त्यांनी परत पाठवला. तो हट्ट मला आवडला.

पाटी सहा फूट बाय दोन. चौरस पाइपची चौकट, वर पत्रा, त्यावर ॲक्रेलिकची अक्षरं. भिंतीतून गल्लीत काटकोनात काढलेली पाटी लांबून दिसते, पण मालक म्हणाले, भिंतीला चिकटूनच लावा. तळ आठ फुटांवर. का आठ? मोजपट्टी धरणाऱ्या पोराने हाताने दाखवलं: खांद्यावरची तिरडी, तिच्यावर फुलांच्या माळा. इथून दिवसरात्र प्रेतं जातात, गल्ली अरुंद. जुन्या भिंतीत पातळ लखौरी विटा आणि चुना. फिटरने ड्रिल विटेत न घालता विटांच्या सांध्यात घातलं. वीट तडकली तर भिंतच हातात येते, असं तो म्हणाला. फ्लेक्स का नको, तर माकडं. चार दिवसांत फाडून टाकतात. वायर लोंबत ठेवायची नाही, तीही माकडांमुळेच. पूर्वी शिडी उभी करायची तर डोक्यावर विजेच्या तारांचं जाळं असे. 2015 नंतर जुन्या काशीच्या 16 चौरस किलोमीटर भागात त्या जमिनीखाली गेल्या.

कागदावरचे नियम वेगळेच. उत्तर प्रदेशाच्या 1959 च्या महानगरपालिका कायद्यानुसार जाहिरात लावायला लेखी परवानगी लागते. मानमंदिरासारख्या संरक्षित वास्तूभोवती 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम चालत नाही, पुढच्या 200 मीटरला परवानगी हवी, म्हणजे तिथे खांब रोवून फलक उभा करायचा विचारही जपून करावा. आणि गंगा तिची वेगळी रेघ मारते. धोक्याची पातळी 71.262 मीटर. 1978 मध्ये पाणी 73.9 पर्यंत चढलं होतं. त्याच्या खाली लावलेली पाटी म्हणजे नदीची पाटी.

मुंबईत आपण हा हिशेब विसरलो. 13 मे 2024 ला घाटकोपरला वादळात 120 बाय 120 फुटांचा फलक पेट्रोल पंपावर कोसळला, 17 माणसं गेली. परवानगीची मर्यादा होती 40 बाय 40. फलक जेवढा मोठा तेवढं त्याचं शीड मोठं, आणि वाऱ्याला मालक ओळखता येत नाही. तिथे कोणी मोजपट्टी धरून विचारलंच नसेल, की याखालून कोण जाणार?

काशीतली पाटी दुपारी लागली. फिटरने चौकटीला दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं, ओळंबा सोडला, डावीकडचा बोल्ट अर्धा आटा फिरवला. तो शिडी आवरत होता तेवढ्यात वरून ‘राम नाम सत्य है’ ऐकू आलं. सगळे भिंतीला पाठ लावून उभे राहिले. तिरडी खालून गेली. माळांच्या वर हातभर जागा उरली होती.