आधी घडलेला गुन्हा, नंतर केलेला कायदा

गेल्या आठवड्यात आपण न्यूरेंबर्ग आणि टोकियोच्या खटल्यांपाशी थांबलो होतो. ते खटले युद्ध जिंकलेल्या राष्ट्रांनी मिळून चालवले. आजचा कायदा मात्र एका नव्याने जन्मलेल्या देशाने स्वतःच्या संसदेत, स्वतःच्या माणसांवर झालेल्या अत्याचारांसाठी केला. तो म्हणजे बांगलादेशचा १९७३चा आंतरराष्ट्रीय गुन्हे (न्यायाधिकरण) कायदा.

१६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या रमना रेसकोर्सवर पाकिस्तानी सैन्याच्या जनरल नियाझींनी शरणागतीच्या कागदावर सही केली. शरण येणाऱ्यांना जिनिव्हा करारांप्रमाणे वागवले जाईल, असे आश्वासन त्याच कागदात होते. सुमारे ९३ हजार कैदी भारतातल्या छावण्यांत आले. हे करार कैद्याला छळापासून आणि उपासमारीपासून वाचवतात, पण पकडले जाण्याआधी त्याने केलेले खून आणि बलात्कार माफ करत नाहीत. त्या आधारावर एप्रिल १९७३मध्ये ढाक्याने यातल्या १९५ जणांवर खटले भरण्याची घोषणा केली.

पण खटले भरायचे कोणत्या कायद्याखाली? बांगलादेशच्या घटनेचा अनुच्छेद ३५, आपल्या घटनेतल्या अनुच्छेद २०सारखाच, बजावतो की कृत्य घडले तेव्हा जो कायदा अस्तित्वात नव्हता, त्याखाली कोणालाही दोषी ठरवता येणार नाही. अत्याचार १९७१चे आणि कायदा १९७३चा. म्हणून आधी घटनाच बदलावी लागली. लागू होऊन जेमतेम सात महिने झालेल्या त्या घटनेत १५ जुलै १९७३ रोजी झालेली पहिलीच दुरुस्ती याच कारणासाठी होती. वंशसंहार आणि युद्धगुन्ह्यांसाठी केलेला कायदा घटनेशी विसंगत म्हणून रद्द होणार नाही, असे तिने ठरवले. एवढ्यावरच ती थांबली नाही. अशा आरोपींना मूलभूत हक्कांसाठी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावण्याची मुभाही तिने काढून घेतली.

यातला पहिला भाग मला पटतो. निःशस्त्र गावकऱ्यांना रांगेत उभे करून गोळ्या घालणे १९७१मध्येही कोणत्याच कायद्यात बसत नव्हते. वंशसंहारविरोधी करार तर खुद्द पाकिस्तानने १९५७मध्येच स्वीकारला होता. दुसरा भाग पटत नाही. ज्याच्यावरचा आरोप सर्वांत भयंकर, त्याच्याच खटल्यात कायद्याने सर्वांत काटेकोर असायला हवे.

त्याच जुलैत कायदा झाला. त्याचे कलम ३ सावकाश वाचावे असे आहे. सशस्त्र, संरक्षण किंवा साहाय्यक दलातल्या व्यक्तीने, मग ती कोणत्याही देशाची असो, बांगलादेशाच्या भूमीवर हा कायदा येण्यापूर्वी किंवा नंतर केलेला गुन्हा त्यात येतो. ‘पूर्वी किंवा नंतर’ हे शब्द ध्यानात ठेवा. कलम १९ पुराव्याच्या नेहमीच्या तांत्रिक नियमांतून न्यायाधिकरणाला मोकळे करते. वर्तमानपत्रातले वृत्त, छायाचित्र, चित्रफीत, ध्वनिमुद्रण हे सारे पुरावा म्हणून चालते. जिथे साक्षीदारच मारले गेले, तिथे दुसरे काय हाती उरणार?

तरीही ते १९५ जण आरोपीच्या पिंजऱ्यात कधी उभे राहिलेच नाहीत. पाकिस्तानने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध धाव घेतली. या लोकांवर खटला चालवायचा तर तो अधिकार फक्त आमचा, असा दावा केला आणि वर्ष संपता संपता अर्ज मागे घेतला. पाकिस्तानात अडकलेल्या बंगाल्यांची सुटका व्हायची होती, नव्या देशाला मान्यताही मिळवायची होती. अखेर ९ एप्रिल १९७४च्या दिल्ली करारात बांगलादेशने खटले सोडून दिले. पाकिस्तानातल्याच हमूदुर रहमान आयोगाने बड्या सेनाधिकाऱ्यांवर खटले चालवण्याची शिफारस केली होती. एकही चालला नाही. बलात्कार सोसलेल्या ज्या बायकांना नव्या राष्ट्राने ‘बीरांगना’ म्हटले, त्यांच्या वाट्याला तेव्हा तेवढी पदवीच आली.

कायदा मात्र रद्द झाला नाही, नुसता पडून राहिला. २००९मध्ये दुरुस्ती करून सैन्याबाहेरच्या व्यक्ती आणि गटही त्याच्या कक्षेत आणले गेले. पुढच्या वर्षी न्यायाधिकरण स्थापन झाले आणि पाकिस्तानी सैन्याच्या स्थानिक साथीदारांवर खटले सुरू झाले. ५ फेब्रुवारी २०१३ रोजी त्यांतल्या अब्दुल कादर मोल्लाला जन्मठेप झाली. बाहेर येताना त्याने दोन बोटांनी विजयाची खूण केली आणि ढाक्यातला शाहबाग चौक संतापलेल्या माणसांनी भरून गेला. त्यांचा संताप मला समजतो. पण त्यानंतर संसदेने जे केले ते समजून घेणे जड जाते. शिक्षा कमी पडली म्हणून सरकारला अपील करता येईल अशी दुरुस्ती तिने केली, तीही पूर्वलक्षी. म्हणजे निकाल आधी लागला आणि नियम नंतर बदलला. अपिलात फाशी ठरली आणि १२ डिसेंबरला ती दिली गेली.

हे न्यायाधिकरण शेख हसीनांच्या सरकारने उभे केले होते. कलम ३मधल्या ‘पूर्वी’ या शब्दावर तोवरचे सगळे खटले चालले. ‘नंतर’ या शब्दाचा उपयोग २०२४च्या जुलै-ऑगस्टमधल्या आंदोलकांच्या हत्यांसाठी झाला. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी याच कायद्याखाली, याच नावाच्या न्यायाधिकरणाने हसीनांना त्यांच्या गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला.

(क्रमशः)